तामोऱ्यांची निळी बादली

काशिनाथ तामोरे माणसं मीटरमध्ये मोजतात. उंचीच्या मीटरमध्ये नव्हे, खोलीच्या. समुद्रात बुड्या मारणाऱ्या पाणबुड्यांच्या जुन्या मनगटी घड्याळांवर ती किती मीटर खोल पाण्यात टिकतील याचा आकडा लिहिलेला असतो. तोच हिशेब ते माणसांना लावतात. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी तीस मीटर: "हात धुवायला बरे, पोहायला नेऊ नका." बोईसर स्टेशनबाहेरचा वडेवाला शंभर मीटर. माझी बायको सुमन तीनशे मीटर. आणि मी?

"सर, रागावू नका. तुमी शिंतोड्यांचे. छत्री धरली तर चालाल."

हे ते सुमनसमोर म्हणाले आणि ती हसली. उशीला टेकून, खोकला येईपर्यंत हसली. शाळेत अठ्ठावीस वर्षं मराठी शिकवताना आणि ग्रंथालय सांभाळताना मी बरेच विनोद वाचले आहेत, पण घरी येऊन सांगितलेल्या एकालाही तशी दाद मिळाली नव्हती. तेव्हापासून मला या माणसाचा मत्सर वाटतो. सुमन जाऊन सात महिने झाले. मत्सर गेला नाही.

तामोरे आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एकटेच राहतात. मध्ये एक भिंत आहे, तीही बिल्डरने हात आखडून बांधलेली. मूळचे ते नवापूरचे. वडील तांडेल, म्हणजे बोटीचे कप्तान. पण तांडेलाच्या या मुलाला होडी लागायची. किनारा दिसत असतानाच ओकारी. वडिलांनी तीनदा नेलं आणि चौथ्यांदा आईला म्हणाले, "याला जमिनीवरच ठेव, मासळी बिचकते." मग तारापूरच्या एका कारखान्यात नोकरी झाली, ती निवृत्तीपर्यंत. त्यानंतर हा छंद लागला: परदेशातल्या ऑनलाइन लिलावांतून पाणबुड्यांची जुनी घड्याळं घ्यायची. गुडघ्याच्या वर समुद्रात न गेलेल्या या माणसाकडे समुद्राच्या तळाशी जाऊ शकतील अशी एकोणीस घड्याळं आहेत.

नवं घड्याळ आलं की ते निळ्या बादलीत अर्धा तास बुडवून ठेवायचं. बुडबुडा आला की नापास. जाणकार म्हणतात, इतकी जुनी घड्याळं पाण्यात घालू नयेत. तामोरे म्हणतात, "मग राखी बांधा ना मनगटाला!"

सुमन आजारी पडली आणि ही बादली आमच्या घरी येऊ लागली. संध्याकाळी सातला दारावर टकटक. "वहिनी, आज जपानी हाय." जुनी घड्याळंसुद्धा ते पुन्हा पुन्हा परीक्षेला बसवत. पलंगाशेजारी बादली ठेवून अर्धा तास दोघं पाण्यात बघत राहायचे. मी शेजारच्या खोलीत पुस्तक उघडून बसायचो आणि तेच पान वाचायचो. त्यांच्या गप्पा ऐकू आल्या असत्या तर मी सोसल्या असत्या. पण ते दोघं गप्प बसायचे.

माझ्या पुस्तकांबद्दल कधी न विचारणारी सुमन मला शिकवू लागली. "अहो, बाहेरची कडी फिरवून ठेवायची. म्हणजे पाणबुड्याला कळतं, खाली येऊन किती वेळ झाला, हवा किती उरली." एकदा तिने तामोऱ्यांच्या फोनवर नारिंगी तबकडीचं एक घड्याळ पाहिलं. "काशीभाऊजी, हे कधी लिलावात आलं तर सोडू नका हं." माझ्याकडे तिने कधी इतक्या हौसेनं काही मागितलं नव्हतं.

ती गेल्यावर तामोरे दोनदा बादली घेऊन आले. मी दार उघडलं नाही. तिसऱ्यांदा ते बंद दारालाच सांगून गेले, "सर, वहिनींचं नारिंगी आलंय लिलावात. रविवारी सातला बंद होतो."

ते घड्याळ त्यांच्या मनगटावर जाणार, ही कल्पना मला सहन होईना. आयुष्यात ज्याने भाजीचा भाव केला नाही, अशा मी त्या लिलावात नाव नोंदवलं. टोपणनाव घेतलं 'वाचक'.

तामोऱ्यांची आई नवापूरच्या किनाऱ्यावर मासळीच्या लिलावाला उभी राहायची. तिचा नियम बादली मांडता मांडता ते सुमनला सांगत: "लिलावात तोंड बघायचं नाय, पाय बघायचे. ज्याला माल हवाच, त्याचे पाय जागेवर राहत नाय." फोनवर कोणाचे पाय दिसणार? मी निर्धास्त होतो.

रविवारी मी बोली लावली. भिंतीपलीकडून आरोळी आली, "कोण हाय हा मेला!" मला फार बरं वाटलं. त्यांनी वाढवली, मी वाढवली. शेवटच्या क्षणी कोणी बोली लावली की मुदत आणखी पाच मिनिटांनी वाढते, असा तिथला नियम. सातचे साडेसात झाले. "ये, ये, अजून ये!" भिंत ओरडत होती. मी खोलीत येरझारा घालत होतो. अचानक पलीकडे सगळं शांत झालं. घड्याळ माझं झालं.

दोन-तीन आठवड्यांनी सातच्या ठोक्याला टकटक झाली. पार्सल वॉचमनने शेजारी दिलं होतं. तामोरे एका हातात ते आणि दुसऱ्या हातात भरलेली बादली घेऊन उभे होते.

"घ्या, तुमचं नारिंगी. आधी परीक्षा."

मी पार्सल हातात घेतलं. "तुम्हाला कधी कळलं?"

"तिसऱ्या बोलीला. तुमच्या सपाता ऐकल्या भिंतीतून. या टोकापासून त्या टोकापर्यंत." ते आत येऊन पलंगाशेजारी बादली ठेवत म्हणाले, "आणि नाव काय घेतलंत, तर वाचक! चोरी करायला शाळेचा बिल्ला लावून जातो का कोणी?"

"मग ओरडत कशाला होता? तेव्हाच सोडून द्यायचं!"

"सात महिने या घरात पायाचा आवाज नव्हता, सर. सोडलं असतं तर तुमी परत बसला असता. म्हणून चालवत ठेवलं. मग तुमची पेन्शन आठवली, थांबलो."

मी पार्सल उघडलं. त्यांनी घड्याळ पाण्यात सोडलं. आम्ही बसलो, ते पलंगाशेजारी त्यांच्या जागेवर, मी सुमनच्या रिकाम्या पलंगावर, तिच्या.

मी विचारलं, "तुम्ही दोघं गप्प का बसायचात?"

"वहिनी बोलू द्यायच्या नाय. 'हे वाचतायत' म्हणायच्या. पान उलटल्याचा आवाज येतो का ते ऐकत बसायच्या. नाय आला की मला खूण करायच्या, आज यांचं लक्ष नाय."

मी पाण्याकडे बघत राहिलो. बुडबुडा नव्हता.

"ती तीनशे मीटर, मी शिंतोड्यांचा," मी म्हणालो. "आणि तुम्ही किती, तामोरे?"

घड्याळ काढायला त्यांनी बाही कोपरापर्यंत सरकवली, पुन्हा खाली केली. "मी बादलीपुरता. तेबी समोर कोणी बसलं असंल तर."

अर्धा तास कधीच होऊन गेला होता. नारिंगी तबकडी आमच्या दोघांच्या डोळ्यांपुढेच होती. वेळ झाली असं कोणीच म्हणालं नाही.