मरायला जाणाऱ्या शालनताई

"अंजू, मी मरायला चाललेय गं. दूधवाला आला तर अर्धा लिटर घेऊन ठेव."

सकाळी सात वाजता आमच्या दारातून एवढं वाक्य टाकून शालनताई जिना उतरायच्या. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी कणकेच्या हातांनी त्यांच्यामागे धावले होते. रिक्षात बसता बसता त्या म्हणाल्या, "घाबरतेस काय अशी? घोडबंदरला शूटिंग आहे. पाचपर्यंत मरून येते."

कोपरीतल्या आमच्या इमारतीत त्या समोरच्या खोलीत एकट्या राहायच्या. मालिकेत कोणाची आई, आजी किंवा मोठी काकू मरायची असली की त्यांना फोन यायचा. वेंगुर्ल्याहून नाटकाच्या वेडापायी आलेल्या. तरुणपणी एका सिनेमात नायिका झाल्या, तो ठाण्यात एक आठवडा चालला. "शेवटच्या खेळाला आम्ही सहाजण होतो. त्यात तिकीट फाडणारा धरून," असं त्या अगदी अभिमानाने सांगायच्या. मग नायिकेची बहीण, वहिनी, सासू असं करत करत त्या मरणाला लागल्या.

आणि मग त्या विषयात त्यांच्याइतकं कोणाला कळत नसे. "हार्ट अटॅकला आधी पदर मुठीत धरायचा, मग छाती. कॅन्सरला खोकायचं नाही, हसायचं. रडायचं काम बाकीच्यांचं." दुसऱ्याचं मरण पडद्यावर बघताना तर त्या फार चिडायच्या. "ही बघ, मेल्यावर आवंढा गिळला हिने!"

खालची भाजीवाली त्यांना म्हणायची, "काल गेलात ना ओ ताई? आमच्या घरात सगळी रडली."

"रडलीस ना? मग आज तरी मेथी कोवळी दे."

पुढे पुढे मात्र फोन कमी झाले. "हल्ली मरायलासुद्धा बोलवत नाहीत गं," एकदा त्या म्हणाल्या. "माझा फोटो मागवतात आणि हार घालून भिंतीवर लावतात. मालिका सुरू व्हायच्या आधीच मी गेलेली."

मी खूप हसले. त्या हसल्या नाहीत.

त्याच वर्षी माझ्या आईला अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली, वाचा गेली. मी ठाणे कोर्टाजवळ एका वकिलांकडे कामाला. आईजवळ ठेवलेली बाई दोन महिन्यांत सोडून गेली. तेव्हा शालनताई स्वतःच आल्या. "किल्ली दे. दुपारची मी बसत जाईन वहिनींजवळ. मला कुठे जायचंय?"

त्या आईला भरवायच्या, कूस बदलून द्यायच्या आणि सतत बोलायच्या. आईच्या ओठांचा उजवा कोपरा तेवढा हलायचा. शालनताई म्हणायच्या, "बघ, हसल्या. माझ्या विनोदाला एवढं तरी कोण हसतं?"

एका रविवारी मी स्वयंपाकघरातून बाहेर आले तर त्या आईसमोर खुर्चीत मान टाकून पडलेल्या. विषप्रयोगाने कसं मरतात, ते दाखवत होत्या. डॉक्टरांनी आदल्याच दिवशी मला सांगितलेलं, की आता फार दिवस नाहीत. माझा तोल गेला.

"ताई, तुम्हाला काही कळतं का? हिच्यासमोर कसले खेळ करता?"

त्या उठल्या, निऱ्या नीट केल्या. "चुकलं माझं," म्हणाल्या आणि गेल्या. मला वाटलं, आता येणार नाहीत. पण दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला त्या हजर होत्या. मरणाचा विषय मात्र त्यांनी त्या घरात पुन्हा काढला नाही.

नंतरच्या आठवड्यात ऑफिसात त्यांचा फोन आला. "अंजू, ये." बस, एवढंच.

मी पोचले तेव्हा त्या आईचा हात हातात घेऊन बसलेल्या. हात गार पडला होता, तरी सोडला नव्हता.

"कशी गेली?" मी विचारलं.

"कळलंच नाही गं. मी घारग्यांचं सांगत होते, भोपळा किती किसायचा ते. वहिनींनी एक श्वास घेतला. मला वाटलं, आता पुढचा घेतील. मी थांबले. बराच वेळ थांबले." मग खाली बघत म्हणाल्या, "हे गेले तेव्हा माझा अकोल्याला प्रयोग होता. आई गेली तेव्हा शूटिंग. कोणाला जाताना मी कधी पाहिलंच नव्हतं, अंजू. इतकी वर्षं सगळं मनानेच करत होते."

महिन्याभराने त्यांना एक फोन आला. मी समोरच होते. आख्खा एक भाग त्यांच्या मरणावर होता. गेल्या कित्येक वर्षांत असं काम आलं नव्हतं. "नाही जमणार," त्या म्हणाल्या. "नाही हो, तब्येत चांगली आहे. ते काम मी सोडलं."

त्यानंतर एकदा डोकं दुखत होतं म्हणून मी दुपारीच घरी आले. दार नुसतं लोटलेलं होतं आणि आतून बोलण्याचा आवाज येत होता.

आईची गादी मी देऊन टाकली होती. उघड्या फळ्यांच्या पलंगाशेजारी खुर्ची ओढून शालनताई बसल्या होत्या. "आणि काय सांगू वहिनी, तळमजल्यावरची ती नवीन सून मला काल विचारते, आजी, तुम्ही पूर्वी कोण होतात?"

मला बघून त्या गडबडीने उठल्या. "पंखा चालू राहिलाय असं वाटलं, म्हणून आले होते," त्या म्हणाल्या. पंखा बंद होता. त्यांनी हातातली किल्ली माझ्यापुढे धरली.

मी ती घेतली नाही. चपला काढल्या आणि पलंगाच्या फळ्यांवर, आईच्या जागी जाऊन बसले.

"मग काय सांगितलंत तिला?"

शालनताई पुन्हा खुर्चीत टेकल्या, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "तिला कसलं काय सांगते! खरं ते तुला सांगते. ऐक."