हकीमजींची डाळबंदी

आमचे शेजारी हकीमजी कुंपणाशी उभे राहून नाकानं आमचा स्वयंपाक तपासत. चुलीपर्यंत येण्याची त्यांना मुभा नव्हती, पण नाकाला कोण अडवणार? "हरबऱ्याची दाळ हाय, हिंगबी पडला," असं म्हणत ते काठी आपटत.

हा त्रास मी स्वतःच ओढवून घेतला होता. तिकडं अमेरिकेत लढाई जुंपली, तिथला कापूस विलायतेला जाईना आणि इकडं अकोल्यात कापसाला सोन्याचा भाव आला. माझी कापसाची अडत होती, दलालीचा पैसा खेळू लागला. घरात रोज दाट वरण आणि झुणका, बाजाराच्या दिवशी बोकड. त्यातच माझे पाय सुजले, लघवीला फेस येऊ लागला. हकीमजींनी तो फेस बराच वेळ न्याहाळला आणि डाळ, झुणका, बोकड एका दमात बंद केलं.

काहून, म्हणून मी विचारलं.

"गुर्दा म्हंजे सरकी काढाचा रेचा," माझ्या मूत्रपिंडाच्या जागी काठी टेकवत ते म्हणाले. "जुना झाला का कापूस कमी टाका लागते. तू तं गाडीच त्यात उलटी करून राहिला."

उरला मऊ भात, दुधी आणि अर्धी भाकर, सगळं अळणी. मी कुरकुरलो की त्यांचं ठरलेलं, "जबान खूश तं गुर्दा नाखूश." पेठेत हे इतकं पसरलं की पंगतीत लोक वरण वाढणाऱ्यालाच ऐकवू लागले.

एकदा मी अमरावतीला व्याह्यांकडं गेलो. तिथवर काही नाक पोचत नाही, म्हणून चार दिवस वाट्यावर वाट्या वरण आणि बोकडाची सागुती ओरपली. परतलो तेव्हा सूज गुडघ्यांवर चढली होती, आडवं होताच दम लागत होता.

मी शिव्यांची तयारी ठेवली होती. हकीमजी रागावलेच नाहीत. ओसरीच्या कडेला टेकले आणि पहिल्यांदाच स्वतःच्या घरातलं बोलले. त्यांच्या बिवीलाही अशीच सूज आली होती. ताकद यावी म्हणून ते तिला रोज मटणाची यखनी पाजत. सूज वाढली, तशी त्यांनी यखनी आणखी दाट केली. त्यातच ती गेली.

"थे बिचारी नाई म्हने," ते म्हणाले. "मीच जबरदस्तीनं पाजली. मी हकीम होतो ना."

तेवढ्यात बायकोनं माझा भात आणून ठेवला. हकीमजी उठून घरी गेले आणि आपलं ताट घेऊन आले. त्यातही अळणी भातच होता.

सूज उतरेपर्यंत दोन महिने ते रोज असे येत राहिले. तुम्ही कशाला हे अळणी खाता, असं मी एकदा विचारलं.

"एकट्याले तसंबी जेवन जात नाई," ते म्हणाले, आणि दुधीची फोड माझ्याकडं सरकवली.