बनसोडे साहेबांची सभा

शुक्रवारी सकाळी बनसोडे साहेब अंगावर पांढरी चादर लपेटून गच्चीवर भाषण करायचे. ऐकायला पाण्याच्या तीन टाक्या आणि वाळत घातलेल्या लुंग्या. मोबाइल यायच्या आधीची गोष्ट. आखातात, मत्रहला आम्ही एकाच इमारतीत राहायचो. मी सुतार, चौथी पास. ते इंजिनियर, नागपूरकडचे, एकटे.

पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं, माणसाला ऊन लागलं. विचारलं तर म्हणाले, "मी नाही बोलत. दोन हजार वर्षांपूर्वीचा रोमचा वकील बोलतोय."

मदिनत सुलतान काबूस या बड्यांच्या वस्तीतला एक गोरा साहेब मायदेशी जाताना त्या वकिलाच्या भाषणांचं आणि पत्रांचं जाडजूड पुस्तक यांना देऊन गेला होता. तेव्हापासून सगळं जग यांची सभा. पाणी उशिरा सुटलं की जिन्यात वॉचमनला उभं करायचे. "सभासदहो, हा गप्प आहे म्हणून निर्दोष समजू नका." वॉचमन केरळचा. मराठी ओ की ठो कळायचं नाही, पण शेवटी मान खाली घालायचा.

मलाही नाद लागला. नुसत्या तोंडाच्या जोरावर माणूस राज्य कसं हलवतो, हे मला समजून घ्यायचं होतं. साहेब सांगायचे, सभेत हा वाघ. आणि मित्राला पत्र लिहिताना? शहरात राहू की निघून जाऊ, कोणाच्या बाजूने जाऊ, तूच सांग बाबा. म्हटलं, म्हणजे आपल्यासारखाच.

"पुढं काय झालं त्याचं?"

"मारला. मुंडकं कापलं, हातही तोडला."

"मग एवढं बोलून मिळालं काय?"

दोन दिवस साहेब माझ्याशी बोलले नाहीत.

कोणाला अर्ज हवा असला की मात्र हौसेने लिहून द्यायचे. आमच्या खोलीत पंखा हवा म्हणून चार पानं लिहिली. मालकाच्या खानदानाची स्तुती, रोम का बुडालं, सगळं. मालकाने विचारलं, "इसको चाहिए क्या?" पंखा आलाच नाही.

अशात माझी बायको गेली. शालन. खालच्या दुकानात फोन आला. दहाव्याला पोचायचं होतं, आम्हाला मुलगा नाही. पासपोर्ट अर्बाबकडे, म्हणजे त्याच मालकाकडे, आणि माझी रजा तीन महिन्यांनी. खोलीतले म्हणाले, काहीही कर, बनसोडेला नेऊ नको. पण मला दुसरं कोण होतं?

ते टाय लावून आले, हातात पानं. मी म्हटलं, "साहेब, रोम नको."

"बघू," म्हणाले.

अर्बाबपुढे उभे राहिले. पानं उघडली. तोंड उघडलं, आवाज फुटेना. अर्बाब बघतोय, मी बघतोय. शेवटी पानं मिटून म्हणाले, "अर्बाब, इसकी औरत मर गई. इसको जाने दो."

अर्बाबने खण उघडला, पासपोर्ट माझ्या हातात दिला. "यल्ला, जाओ."

बाहेर आल्यावर साहेब शरमून म्हणाले, "फार वाईट बोललो."

विमानतळापर्यंत टॅक्सीत सोबत आले. वाटेत म्हणाले, "त्या वकिलाची मुलगी वारली तेव्हा त्याचीही भाषणं बंद पडली. दूर जाऊन बसला. फक्त त्या मित्राला पत्र लिहायचा, रोज. ती मी गच्चीवर वाचत नाही." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मला एक पत्र टाकाल? काय जेवलात एवढं लिहिलं तरी चालेल. माझ्या नावाने फक्त कंपनीचे कागद येतात."

दहावा झाल्यावर मी लिहिलं. चार ओळींना अख्खी दुपार गेली. आमटीभात जेवलो, घरात आवाज नाही, असं काहीतरी. उत्तर आलं नाही. मला राग आला. म्हटलं, मोठ्या लोकांची हौस.

परत मत्रहला आलो तर त्यांनी कागदांचा गठ्ठा पुढे केला. "पत्रात तुम्ही तुमचा पत्ताच लिहिला नव्हता."

रोजचं एक पान होतं. रोमचं नाव नाही. डाळ खारट झाली, पाणी नऊला आलं, गच्चीवर वारा नव्हता, तुम्ही रडलात का, नसाल तर रडा. वाचायला मला आठवडा लागला. शेवटच्या पानावर एकच ओळ होती.

'आज तुम्ही येणार, म्हणून लिहायला काही नाही.'