ओवीची ट्रायल आणि माझी घासाघीस

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. घासाघीस करण्यात आख्ख्या दुबईत माझा हात धरणारा माणूस नाही! बारा वर्षं मी एका कंपनीच्या परचेस डिपार्टमेंटमध्ये पाइप आणि व्हॉल्व्ह खरेदी करतोय. मी कोटेशन नुसतं हातात घेतलं, की समोरचा सेल्समन रुमाल काढून कपाळ पुसायला लागतो.

तर आमची ओवी. वय वर्षं दहा. सिलिकॉन ओएसिसमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये ती नुसती चालत म्हणून कुठे जात नाही. मोज्याचा बोळा, लिंबू, माझी चप्पल, समोर येईल ते लाथाडत जाते. घराजवळच्या फुटबॉल अकॅडमीनं मुलींची टीम काढायची ठरवली. जागा सोळा, आल्या साठ मुली! पहिल्या दोन फेऱ्यांत ओवी अशी पळाली, की फोटोत नुसती तिची वेणी आली. शेवटची फेरी शनिवारी सकाळी होती, आणि त्याच्या आदल्या दिवशी आम्ही जेवत असताना फीचा ईमेल आला.

"आठ हजार चारशे दिरहॅम!" मी ओरडलो. "गिरिजा, वर्षाचे दोन लाख रुपये! दोन लाखांत आबांच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन होतं, वर गॉगल येतो!"

"सिद्धार्थ, हळू बोल," माझी बायको म्हणाली. आबा म्हणजे माझे वडील, भारतात असतात.

ओवी मान खाली घालून वरणभात कालवत होती. बराच वेळ कालवत होती. माझं काही तिकडे लक्ष गेलं नाही.

शनिवारी गाडीत मी तिला माझं धंद्यातलं गुपित सांगितलं. "हे बघ, माल आवडलाय हे विकणाऱ्याला कळू द्यायचं नाही. आज फार उत्साह दाखवू नकोस. बाकीचं बाबा बघतो."

"ओके बाबा," ओवी म्हणाली. काय समजूतदार मुलगी!

मैदानावर मी थेट कोचला गाठलं. हिबा तिचं नाव, जॉर्डनची. गळ्यात शिट्टी, आणि नजर अशी की उभ्या उभ्या आपल्यालाही दोन राउंड मारावेसे वाटतील.

"मॅडम," मी म्हणालो, "आम्हाला तशी काही घाई नाही. आमच्याकडे दुसऱ्याही ऑफर आहेत."

"उत्तम!" हिबा म्हणाली. "मग ही जागा दुसऱ्या मुलीला देता येईल."

बारा वर्षांत एकाही सेल्समननं मला असं उत्तर दिलेलं नव्हतं! मी घाईघाईनं म्हणालो, "नाही नाही, म्हणजे तशा ऑफर फार चांगल्या नाहीत..." पण तोवर तिनं शिट्टी फुंकली होती.

आणि ओवी खेळायला लागली. म्हणजे, लागलीच नाही! मैदानाच्या मधोमध शांत उभी. बॉल शेजारून गेला, तर लग्नात लांबचा पाहुणा दिसल्यावर बघतात तसं तिनं त्याच्याकडे बघितलं आणि मान वळवली. कुबरा नावाच्या मुलीनं तिला सरळ पायात पास दिला. ओवीनं तो नम्रपणे बाजूला जाऊ दिला.

"काय सांगितलंस तू तिला?" गिरिजानं विचारलं.

"मी? काही नाही! उत्साह थोडा कमी..."

"सिद्धार्थ!"

मी रेषेवरून ओरडायला लागलो. "ओवी, पळ! उत्साह दाखव! सगळा दाखव!" ओरडता ओरडता रेषा कधी ओलांडली, कळलं नाही. ऑफिसचे बूट, खाली नकली गवत. पाय सटकला, मी घसरगुंडीवरून आल्यासारखा गोलपोस्टपर्यंत गेलो, आणि तेवढ्यात आलेला बॉल माझ्या पोटावर आपटून थेट जाळ्यात! ओवीच्याच टीमवर गोल! समोरच्या टीमनं टाळ्या वाजवल्या.

ओवी धावत आली. त्या दिवशी ती पहिल्यांदाच धावली.

"बाबा! आर यू हर्ट?"

"मला काही झालं नाही. तू खेळत का नाहीस, बाळा? मी फक्त फार उत्साह दाखवू नकोस म्हणालो होतो गं."

ती खाली बसली. माझ्या गुडघ्यावर चिकटलेले नकली गवतातले काळ्या रबराचे बारीक कण एकेक करून काढायला लागली. वर न बघताच म्हणाली, "इट्स टू लाख, बाबा. सिलेक्ट झाले तर तुला भरावे लागतील. मग आबांच्या डोळ्यांचं काय?"

काय सांगू! मी तसाच उठून बसलो आणि तिचा हात धरला.

"अगं वेडे, आबांचं ऑपरेशन गेल्या दिवाळीतच झालं! आता ते समोरच्या बिल्डिंगमधल्या लोकांच्या ताटात काय आहे ते सांगतात."

"रिअली? मला कुणी सांगितलंच नाही."

खरंच, तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मी लंगडत हिबाकडे गेलो आणि सगळं कबूल केलं. उत्साहाचं, दोन लाखांचं, दुसऱ्या ऑफरचंसुद्धा. "चूक माझी आहे मॅडम. तिला दहा मिनिटं द्या. फी काय असेल ती असेल."

हिबा मला आपादमस्तक न्याहाळत म्हणाली, "दोन फेऱ्या मी हिचा खेळ बघितलाय. नशीब, इथे मी मुली निवडते, वडील नाही. यल्ला, चल ओवी!"

पुढची दहा मिनिटं मी धड बघितलीच नाहीत, डोळ्यांत रबराची कणी गेली होती. गिरिजानं नंतर सांगितलं, ओवीनं तिघींच्या पायांतून बॉल काढला आणि स्वतः न मारता कुबराला दिला. कुबरानं गोल केला, आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून गरगर फिरल्या.

दुपारी यादी लागली. सोळावं नाव ओवीचं!

फी भरायला गेलो. डिस्काउंटचा 'डी'सुद्धा काढायचा नाही असं ठरवलं होतं. तर हिबाच म्हणाली, "जे पालक टीमचं एखादं काम घेतात, त्यांना दहा टक्के सूट असते." आठशे चाळीस दिरहॅम, म्हणजे जवळपास वीस हजार रुपये! मी काम न विचारताच सही ठोकली.

आता दर शनिवारी सोळा मुलींच्या दोन-दोन, अशा बत्तीस घामट जर्स्या माझ्याकडे धुवायला असतात. बाल्कनीत वाळत घालायला बिल्डिंगमध्ये मनाई, म्हणून त्या घरभर लटकतात: पंख्यावर, दारांवर, गिरिजाच्या ट्रेडमिलवर.

परवा खालचा सिक्युरिटीवाला वर आला. दारातून आत डोकावला आणि हळूच म्हणाला, "साब, इधर लॉन्ड्री का धंधा अलाउड नहीं है."

मी काही बोलायच्या आत गिरिजाचा आतून आवाज आला, "त्याला विचार, त्याचा युनिफॉर्म धुवायचाय का!"

खरं सांगतो, तो शर्टाची बटणं काढायला लागला होता!