चिंचेला टांगलेले मामंजी

आमचे मामंजी पावसाळाभर चिंचेला टांगलेले असत.

घाबरू नका. एका बाजूला चिंच, दुसऱ्या बाजूला कडुलिंब, मधे जाड कापडाची लांबलचक झोळी आणि झोळीत पांढऱ्या मिशांचे सासरे. वर हिरवी ताडपत्री. कासारवाडीला रुळांच्या जवळ आमची सहा बिऱ्हाडांची चाळ. तिच्या मागच्या अंगाला हा देखावा मृगापासून दसऱ्यापर्यंत कोणालाही बघायला मिळे. आगगाडीतले लोक माना बाहेर काढून बघत. मामंजी झोळीतूनच त्यांना हात करत.

मी लग्न होऊन आले वैशाखात. उन्हाळ्यात सगळेच पुरुष बाहेर निजतात, म्हणून मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. मग पाऊस लागला. चाळीतली सगळी अंथरुणं आत गेली आणि मामंजींनी ट्रंकेतून ताडपत्री बाहेर काढली.

"घरात मला झोप येत न्हाई," ते चिंचेकडे बघून म्हणाले. "लडाईत ब्रह्मदेशात दोन पावसाळे असाच निजलोय. हाडांला सवय लागलीया."

चिंचेकडे बघून म्हणाले, कारण मी दारात उभी होते. सुनेनं सासऱ्याशी समोरासमोर बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत, आणि माझा स्वभावही तसाच. मी भिंतीला सांगायची, "भाकरी वाढलीय म्हणावं." ते झाडाला सांगायचे, "आलोच म्हनावं." असा आमचा संसार भिंतीच्या आणि झाडाच्या मध्यस्थीने अगदी सुरळीत चालला होता.

झोळी बांधणं हा मामंजींचा रोजचा सोहळा. आधी ते हवेत बोट धरून वारा बघत. ताडपत्रीची पश्चिमेची कड जमिनीला टेकेल इतकी खाली घेत, कारण आमच्याकडे पाऊस तिकडूनच येतो. बाभळीच्या खुंट्या ठोकत. झोळीत घोंगडी अंथरत. "गारवा वरनं येत न्हाई, खालनं येतो," असं चिंचेला समजावत. चपला उलट्या करून खुंटीला लावत, म्हणजे बेडूक आत बसत नाही. मग झोळीच्या बरोबर मध्यावर बूड टेकायचं, पाय वर घ्यायचे आणि तिरकं निजायचं. सरळ निजलं तर माणूस केळ्यासारखा वाकतो. तिरकं निजलं की पाठ सपाट.

पण खरी कला चिंधीत होती. झोळीच्या दोन्ही दोरांना, झाड आणि झोळी यांच्या मधे, ते एकेक चिंधी बांधत. मला वाटलं, दृष्ट लागू नये म्हणून असेल. एकदा ह्यांनी सुट्टीच्या दिवशी वडिलांना मदत म्हणून सगळं बांधून ठेवलं आणि चिंध्या तेवढ्या विसरले. सकाळी मामंजी उठले ते पाठीपासून पोटऱ्यांपर्यंत चिंब. ताडपत्री मात्र एका थेंबाने गळली नव्हती.

"पाणी झाडावरनं उतरतं, दोर धरतं आन दोरावरनं चालत चालत अंथरुणात येतं," त्यांनी मुलाला सुनावलं. "त्याला मधीच उतरायला चिंधी लागती. चिंधीवरनं ते खाली टपकतं. कारखान्यात मशिनी चालवतोस न्हवं? मग एवढं कळंना व्हय रं?"

हे पिंपरीला औषधाच्या नव्या कारखान्यात होते. खाली मान घालून म्हणाले, "चुकलं."

"ब्रह्मदेशात चुकला असतास तर जळवांनी खाल्ला असता!"

ब्रह्मदेश हा त्यांचा हुकमी एक्का. भाजीत मीठ जास्त झालं तरी "ब्रह्मदेशात असंच असतंय" म्हणून मुकाट्याने खात. शेजारच्या जनाबाईंनी हिणवलं, "अहो आप्पा, झोळीत तान्ही पोरं निजतात. अंगाई म्हणू का?" तर मामंजी म्हणाले, "म्हना की. पर बर्मी भाषेत म्हना, मला तीच सवय हाय."

पण जनाबाईंचं तोंडही त्या पावसाळ्यात बंद झालं. श्रावणाच्या तोंडाला असा वारा सुटला की चाळीचे चार पत्रे उडून रुळांपलीकडे पडले. घराघरांत पाणी. मामंजींची ताडपत्री नुसती फुगली आणि परत बसली. तास-दीड तास अख्खी चाळ तिच्याखाली उभी होती, आणि झोळीत मामंजींच्या जागी जनाबाईंची पिठाची परात, हुसेनभाई सायकलवाल्यांचं घड्याळ आणि आमच्या खोलीतला देवांचा पाट. हुसेनभाई म्हणाले, "आप्पा, हा तर तुमचा राजवाडा आहे!" मामंजींनी मिशीला पीळ भरला. त्या दिवशी मला माझ्या सासऱ्यांचा इतका अभिमान वाटला की मी भिंतीलासुद्धा काही सांगू शकले नाही.

तरीही पाठीमागे लोक बोलायचे ते बोलतच. सुनेनं म्हाताऱ्याला पावसात काढलं. नळावर मी गेले की बोलणं थांबायचं. मी घागर भरून परत यायची.

ही बातमी कोणीतरी निघोज्याला पोचवली. तिथे माझ्या नणंदेला, गंगूवन्संना दिलेलं. त्या एका भर पावसाच्या दुपारी घोंगडीची खोळ घेऊन दारात उभ्या राहिल्या. हे पहिल्या पाळीला गेले होते. वन्संनी झोळी पाहिली, मला पाहिलं आणि आभाळ फाटलं.

"माज्या बापाला असा टांगलाय व्हय? ह्या खोलीत चार हात जागा न्हाई? आप्पा, उठा. सदरं-धोतरं काय असतील ती बांधा. चारच्या गाडीनं तुमी माज्यासंगं येनार."

मामंजी गेले असते तर नळावर जे कुजबुजत होते ते खरं ठरलं असतं. आणि खरं सांगायचं तर, सकाळी चिंचेखालून येणारं ते खोकणं ऐकल्याशिवाय माझी चूल पेटत नसे. तोंड उघडून बोलायला हवं होतं. मी पदराचं टोक पिळत उभी राहिले.

मामंजी शांतपणे म्हणाले, "येतो. पर आदी तू ह्याच्यात निजून बघ. मग म्हन, बापाचं हाल हायेत म्हनून."

वन्सं अंगाने माझ्या दुप्पट. तावातावाने झोळीच्या काठावर बसल्या. झोळी उलटली आणि वन्सं चिखलात. मी हसू दाबायला पदर तोंडात कोंबला.

"मधी बस, मधी," मामंजी म्हणाले. "ब्रह्मदेशात कर्नलसायबसुदिक पडला व्हता."

वन्संनी बापाकडे असं पाहिलं की मला वाटलं आता परत भांडण. पण त्या लुगडं झटकून मध्यावर बसल्या, पाय वर घेतले, तिरक्या झाल्या. पाऊस धो धो पडत होता. दोर करकरले, लिंबाकडची जुनी चिंधी ताणाने तुटून पडली. थोड्या वेळाने ताडपत्रीखालून घोरणं ऐकू आलं. मामंजी दाराशी उकिडवे बसून लेकीचं घोरणं असं ऐकत होते, जसं कोणी भजन ऐकावं.

तीन वाजता वन्सं उठल्या. लिंबाच्या बाजूचा खांदा तेवढा ओला, बाकी अंग कोरडं. चहा प्याल्या आणि बशी खाली ठेवून म्हणाल्या, "आप्पा, मी एकलीच जाते."

मी त्यांना स्टेशनापर्यंत पोचवायला गेले. फाटकाशी त्या थांबल्या.

"वयनी, कुठला गं ब्रह्मदेश? लडाईच्या टायमाला आप्पा देहूरोडला लष्कराच्या कोठारात ताडपत्र्या आन झोळ्या शिवत व्हता. त्याच्या पलीकडं कुठं गेला न्हाई. परत आलेल्या शिपायांच्या गोष्टी ऐकायचा तेवढ्याच. आन पावसाचा तर असा वीट त्याला, की चार थेंब पडलं की चुलीला पाठ लावून बसायचा. आमी पोरं हसायचो."

"मग असं का करतात?" मी विचारलं.

वन्संनी माझ्याकडे बघितलं. "खोली एकच हाय न्हवं तुमची?" मग डोक्यावरची खोळ सारखी करत म्हणाल्या, "माज्या सासरी अकरा मान्सं. पयलं वरीसभर आमी नवराबायको बोललो ते शेतात. मगाशी झोळीत पडल्या पडल्या मला ते आठवलं."

गाडी आली. त्या गेल्या. मी परत येताना नळावरून आले, पण कोण काय बोलतंय ते मला ऐकू आलं नाही.

पाळी सुटून हे आले तेव्हा मी विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

हे सायकल पुसत राहिले. "आप्पा म्हणाले, तिला सांगू नको. पोर लाजाळू आहे. कळलं तर तिला घास जायचा नाही."

दुसऱ्या दिवशी पाऊस जरा उघडला होता. मामंजी चाळीच्या पलीकडे खुंट्यांसाठी बाभूळ तोडायला गेले होते. मी माझ्या लग्नातल्या हिरव्या लुगड्याच्या काठाची वीतभर पट्टी फाडली आणि लिंबाकडच्या दोराला, झाड आणि झोळी यांच्या बरोबर मधे, बांधली. गाठ तीनदा सोडली, तीनदा मारली. गाठीवरून हात फिरवून वळले, तर पाठीमागे मामंजी उभे.

पावसाची सर परत आली. आम्ही दोघं बघत राहिलो. पाणी लिंबावरून उतरलं, दोर धरला, चालत चालत पट्टीपर्यंत आलं आणि तिथून टपटप खाली पडू लागलं. झोळी कोरडी राहिली.

मामंजी चिंचेकडे वळले. आता ते झाडालाच काहीतरी सांगणार होते. मी त्याआधी पदर सारखा केला आणि जन्मात पहिल्यांदा त्यांच्या तोंडाकडे बघून बोलले.

"मामंजी, ब्रह्मदेशात अशीच गाठ मारतात ना?"

ते चिंचेकडून माझ्याकडे वळले. मिशी थोडी हलली.

"व्हय पोरी," ते म्हणाले. "अगदी अशीच."