मेश्रामभाऊंचं शून्य

आमच्या देवळीच्या माती तपासणी प्रयोगशाळेत कोणी खारे शेंगदाणे खाल्ले, तर मेश्रामभाऊ त्याला आधी नळावर पाठवतात आणि मग दिवसभर त्याच्याशी बोलत नाहीत.

कारण त्यांचं यंत्र, फ्लेम फोटोमीटर. मातीचा अर्क तुषार होऊन ज्योतीत जातो. मिठातल्या सोडियमनं ज्योत पिवळी होते, पालाश म्हणजे पोटॅशियम असलं तर फिकट जांभळी. मधली काच हव्या त्याच रंगाचा उजेड पुढे सोडते; उजेड जास्त, तर आकडा मोठा. त्याआधी शुद्ध पाण्यावर आकडा शून्याला आणायचा आणि प्रमाण माहीत असलेल्या द्रावणांशी ताडून बघायचा. भाऊंचा सगळा जीव त्या शून्यात. मी शेजारी मातीचा सामू, म्हणजे पीएच, मोजते. सकाळी नमस्कार केला तरी उत्तर एकच, "आधी शून्य आनू द्या, ताई." उन्हाळ्यात मनगटाला रुमाल बांधतात. "घामात मीठ असते, बाप्पा."

गेल्या महिन्यात त्यांच्याकडे बिननंबरची बाटली दिसू लागली. स्वतःच्या डब्यावरही तारीख लिहिणारा हा माणूस जेवणाच्या सुट्टीत ती चोरून तपासायचा, आकडा बघून कपाळाला हात लावायचा. साहेबांना कळलं तर काय, या धास्तीनं मीच दाराकडे लक्ष ठेवायचे. शेवटी विचारलं, "भाऊ, हे काऊन लपवून राह्यले?"

"आलूचं पानी आहे," ते खाली बघत म्हणाले. "आमच्या घरचीची किडनी खराब झाली. पोटॅशियम वाढलं तर दिल बंद पडू शकते, डॉक्टरनं सांगतलं. अन् तिले आलूच पाह्यजे, त्यात तेच भरलं असते. फोडी रोज अजून पातळ करतो, दोनदा उकळून पानी फेकतो. तिसऱ्या उकळीचं इथं तपासाले आनतो."

त्या दिवशी मी न सांगता हात धुऊन आले आणि बाटली धरली. भाऊंनी तीनदा शून्य लावलं. नळी पाण्यात बुडवली. ज्योत निळीच राहिली, आकडा जरासा हलून शून्याजवळ थांबला. त्यांनी पुन्हा बघितलं, मग पुन्हा. मला रडू आलं. मी यंत्रापासून लांब सरकले.

भाऊंनी नाचणगावला घरी फोन लावला.

"ऐकून राह्यली का? डब्यातल्या दोन फोडी खाजो. दोनच." मग घाईघाईनं, "नाई, थांब. आत्ता नको. मी घरी येतो, मंग खाजो. माह्यासमोर."