सासूबाईंचे वीस किलो

ट्रकच्या मागच्या चाकांना नेमकी कोणती जादा स्प्रिंग लावावी, या प्रश्नावर सस्काटूनच्या राजस देवपुजारीने जेवढा विचार केला, तेवढा त्याने लग्न करताना केला नव्हता. (लग्न दोन फोटो आणि एका फोनवर ठरलं होतं. ऊर्मी हा विषय अजून अधूनमधून काढते.)

सुरुवात एका कॅम्परपासून झाली. कॅम्पर म्हणजे पिकअप ट्रकच्या मागच्या हौद्यात सरकवून बसवायचं आख्खं घर. त्यात पलंग, शेगडी, सिंक, एवढासा वॉशरूम, सगळं. राजसने ते एका रिटायर्ड शेतकऱ्याकडून जुनं घेतलं आणि मोठ्या थाटात ट्रकवर चढवलं. पंगतीत आग्रह झालेला माणूस जेवण झाल्यावर भिंतीला टेकतो, तसा ट्रक मागून बसला. पुढचे दिवे शेजारच्या घराच्या गच्चीकडे बघू लागले.

"विकून टाक," ऊर्मी म्हणाली.

पण ते शक्य नव्हतं. नागपूरहून सासूबाई आल्या होत्या. त्यांना, म्हणजे सीमाताईंना, आयुष्यात एकदा पहाड बघायचे होते. सासरेबुवा नोकरीभर 'रिटायर झालो की पहाड' म्हणत राहिले आणि रिटायर झाल्यावर वर्षाच्या आतच गेले. तेराव्यालाच राजस सगळ्यांसमोर बोलून गेला होता, "आई, पहाड मी दाखवतो." सासूबाईंनी तो शब्द जपून ठेवला होता. आता त्यांचं परतीचं विमान पुढच्या आठवड्यात होतं आणि मधे मे महिन्यातला एकच लाँग वीकेंड शिल्लक होता.

"ठीक आहे," ऊर्मी म्हणाली. "पण हे धूड आईला पहाडापर्यंत नेऊ शकलं नाही, तर मंगळवारी जाहिरात मी टाकेन. आणि तिला सांगायचं तू."

जाहिरातीचं राजसला काही वाटलं नाही. सासूबाईंना सांगण्यापेक्षा मात्र ते धूड पाठीवर घेऊन पहाडापर्यंत चालत जाणं सोपं होतं.

त्या रात्री जेवताना त्याने घरच्यांपुढे प्रश्न मांडला. "दोन प्रकार आहेत. एक तर जादाचे लोखंडी पाटे टाकायचे, नाहीतर एअर बॅग."

"पाटाच घ्या, राजसराव," सासूबाई म्हणाल्या. "मिक्सरच्या चटणीला चवच नाही राहत."

"आई, तो पाटा नाही. ट्रकच्या खाली लावायचा."

"ट्रकच्या खाली कोण चटणी वाटते, बाप्पा?"

"आजी, इट्स अ स्प्रिंग," कादंबरी फोनमधून मान वर न काढता म्हणाली. ती तेरा वर्षांची असल्यामुळे मराठी समजायची आणि इंग्रजीत कंटाळायची.

"आणि एअर बॅग आहेत की आपल्या ट्रकमध्ये," ऊर्मी म्हणाली. "स्टिअरिंगमध्ये."

"त्या वेगळ्या. ह्या मागच्या चाकांजवळ असतात. हवा भरली की ट्रक वर उचलला जातो."

"म्हणजे मागून कोणी धडकलं तर फुटतात?"

राजसने पोळीचा घास मोडला आणि निर्णय स्वतःच्या अधिकारात घेतला. एअर बॅग. पाटे एकदा बसवले की बसवले. हवा कमीजास्त करता येते. डॅशबोर्डवर एक बटण आणि बॅगेतला दाब दाखवणारा एक छोटा काटा येतो. (मनातलं खरं कारण तो काटाच होता.)

स्प्रिंगच्या दुकानात मात्र त्याला घाम फुटला. काउंटरवरच्या माणसाने साधंच विचारलं होतं: एकूण वजन किती, माणसं धरून? आता राजस पोटॅशच्या खाणीत वॅगनींचं वजन मोजणारं सॉफ्टवेअर लिहायचा. मैलभर लांबीच्या मालगाडीचं वजन त्याने डोळे मिटून सांगितलं असतं. पण सासूबाईंचं वजन? हा प्रश्न जगातल्या कुठल्याही जावयाने विचारलेला नाही. मग त्याने विमानतळावरच्या सासूबाई आठवल्या. कॅनडा म्हणजे थंडी, म्हणून त्या मे महिन्यात तीन स्वेटर आणि वर लांब कोट घालून आल्या होत्या. त्या दृश्यावरून त्याने ऐंशी धरले. स्वतःचे सत्तर धरले, कारण लग्नाच्या बायोडाटात तेच होते.

निघायच्या आदल्या दुपारी तो ट्रकखाली पाठीवर पडून, हवा कुठून गळते का ते कान लावून ऐकत होता. शेजारी गवत कापायचं मशीन घरघरत होतं. तेवढ्यात बाजूने कोणीतरी ओरडून विचारलं, "भरू का?"

"भर गं," राजस खालूनच ओरडला. "फुल भर. विचारत बसू नकोस."

संध्याकाळी डॅशबोर्डवरचा काटा जरा वर चढलेला दिसला. ऊर्मीने न भांडता हवा भरली, म्हणून त्याला मनातून बरं वाटलं. मग तो उतरून मागे गेला आणि जागच्या जागी उभा राहिला. काटा वर होता, पण ट्रक खाली गेला होता. काल सरळ रेषेत उभा असलेला ट्रक आज पुन्हा भिंतीला टेकला होता. ऊर्मीला विचारलं असतं तर उलगडा झाला असता, पण स्प्रिंगबद्दल ऊर्मीला काही विचारणं म्हणजे मंगळवारची जाहिरात आजच टाकणं. त्याने गुपचूप बटण दाबून आणखी हवा भरली.

सकाळी सासूबाई कोट घालून मागच्या सीटवर चढल्या, तेव्हा कुठूनतरी कुईं असा आवाज आला. राजसने आरशातून त्यांच्याकडे पाहिलं आणि पटकन नजर काढून घेतली. आपण ऐंशी कमी धरले की काय, असा एक भयंकर विचार त्याच्या मनात आला होता.

शहर संपलं आणि सपाट माळावरचा वारा सुरू झाला. ट्रक डोलू लागला. आधी थोडासा, मग समोरून अठरा चाकांचा मोठा ट्रक गेला की चांगलाच. स्टिअरिंग हातात हलकं लागत होतं, म्हणजे पुढची चाकं रस्त्यावर नावापुरतीच टेकली होती. राजसने एका हाताने बटण दाबून धरलं. काटा लाल रेषेला भिडला. आता प्रत्येक खड्ड्याला मागून धाड आवाज यायचा आणि त्यामागोमाग कॅम्परमधून डुबुक असा एक आवाज यायचा, जो इंटरनेटवरच्या ट्रकवाल्यांच्या कुठल्याच फोरमवर कोणी वर्णन केलेला नव्हता.

"डॅड, इट्स लाइक अ बोट," कादंबरी म्हणाली.

"हे असंच असतं का?" ऊर्मीने विचारलं. तिचे दोन्ही हात डॅशबोर्डवर होते.

"असंच असतं," राजस म्हणाला. त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. गाडीत त्याची सगळी माणसं होती, आणि स्प्रिंग त्याने एकट्याने निवडली होती. त्याला खरोखर भीती वाटत होती.

मागून सासूबाईंचा शांत आवाज आला. "राजसराव, गाडी लई हालून राहिली. वाटलं तर परत फिरा. पहाड काही पळून नाही राहिले."

पहाड पळत नव्हते, पण सासूबाई पुढच्या आठवड्यात जात होत्या, आणि त्यांचे गुडघे पाहता पुन्हा येतील याची खात्री नव्हती. हे त्यांनाही माहीत होतं. त्या आवाजात तक्रार असती तर राजसला सोपं गेलं असतं.

तेवढ्यात रस्त्याकडेला ट्रकांचा वजनकाटा दिसला. सुट्टीमुळे तिथे कोणी नव्हतं, पण बाहेरच्या फलकावर लाल आकडे जळत होते. राजसने ट्रक काट्यावर घेतला आणि फलक वाचला. त्याच्या हिशोबापेक्षा जवळजवळ चारशे किलो जास्त होते.

मालगाडीत असा फरक आला, की एकेक वॅगन सोडवून बघायची असते. राजसने घसा खाकरला. "आई, जरा पाय मोकळे करता का?"

सासूबाई आधार घेत उतरल्या आणि काट्याबाहेर जाऊन उभ्या राहिल्या. आकडे दहा-दहा किलोंनी बदलत होते. साठ कमी झाले.

"साठच?" राजसच्या तोंडून निघून गेलं.

ऊर्मीने फलकाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "तू आईचं वजन करतोयस?"

"नाही. म्हणजे... सगळ्यांचंच करायचंय. तीच पद्धत असते."

"किती धरलं होतंस?"

"ऊर्मी, आत्ता..."

"किती, राजस?"

"ऐंशी," तो म्हणाला. काच खाली होती, वारा त्या बाजूलाच वाहत होता, आणि सासूबाईंना ऐकू नीट यायचं.

"बरं," ऊर्मी थंडपणे म्हणाली. "आता तू उतर. आणि स्वतःचं किती धरलंस ते आधी सांग."

"सत्तर."

तो उतरला. कादंबरीने खिडकीतून डोकं काढून फलक वाचला. "नाइन्टी, डॅड."

सासूबाई कोटाच्या खिशात हात घालून शांतपणे उभ्या होत्या, आणि राजसला वाटलं, त्या दरडावून चार शब्द बोलतील तर बरं.

"राजसराव," त्या शेवटी म्हणाल्या, "आणि पाण्याचे किती धरले?"

"पाणी नाहीये, आई. टाकी मुद्दाम रिकामी ठेवलीय. कॅम्पग्राउंडला नळ असतो."

"रिकामी कशी असंल? मी भरली ना काल."

राजस धावत मागे गेला आणि त्याने कॅम्परचं दार उघडलं. वॉशरूममध्ये दोन बादल्या काठोकाठ भरल्या होत्या. पलंगाखाली वीस-वीस लिटरचे निळे कॅन एका रांगेत होते. प्रेशर कुकर, इडलीचं पातेलं, पोळ्यांचा डबा, सगळ्यांत पाणी होतं. भिंतीवरच्या पट्टीत टाकीचे चारही दिवे लागले होते. ती पट्टी राजसने पाहिलीच नव्हती, कारण टाकी रिकामी आहे हे त्याला माहीत होतं.

"आई, काहून... कशाला एवढं?" गोंधळात तो नागपुरीवर आला.

"आमच्याकडे नळ येते सकाळी, जाते सकाळी. एवढ्या दूर निघायचं, तर भरून नको घ्यायला? आणि मी काय आपल्या मनाने भरलं का? तुम्हाला विचारलं. तुम्ही गाडीखाली होते."

राजसच्या कानात गवताचं मशीन घरघरलं. काल काटा हवेने नाही, पाण्याच्या ओझ्याने चढला होता.

"तुम्ही म्हणाले, 'भर गं, फुल भर, विचारत बसू नकोस.'" सासूबाईंनी चष्मा काढून कोटाच्या बाहीला पुसला. "अठरा वर्षांत एकदा नाही तुम्ही मला असे बोलले. नेहमी तुम्ही-आम्ही, या-बसा. काल लेक म्हणतो तसं म्हणाले. मला इतकं बरं वाटलं, की मग मी दिसलं ते सगळंच भरलं."

ऊर्मीने तोंड उघडलं. ते 'गं' कोणासाठी होतं, हे तिला ताबडतोब कळलं होतं. तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि तोंड मिटून घेतलं. (इतक्या वर्षांच्या संसारात तिने राजसवर केलेल्या उपकारांत हा पहिल्या नंबरचा.)

राजसला क्षणभर खरं सांगावंसं वाटलं. मग त्याला ते ऐंशी किलो आठवले आणि स्वतःची इतकी लाज वाटली, की डोळ्यांत पाणीच आलं.

"आई," तो म्हणाला, "तू जरा बाजूला उभी राहा. पाणी अंगावर उडेल."

टाकीची तोटी उघडली, सगळ्यांनी मिळून कॅन, बादल्या, डबे ओतले आणि पाणी गवतात धो धो वाहू लागलं. फलकावरचे आकडे उतरत गेले. पण एअर बॅग लाल रेषेपर्यंत फुगलेल्या होत्या, त्यामुळे ओझं उतरताच ट्रक मागून उचलला गेला, आणि काल गच्चीकडे बघणारे दिवे आता डांबरात काहीतरी हरवल्यासारखे शोधू लागले. राजसने बटण दाबून फुस्स करत हवा सोडली, आणि ट्रक कसा सरळ, शहाण्यासारखा उभा राहिला.

"बस रे राजस, चल आता," सासूबाई म्हणाल्या, आणि पुढचा सगळा रस्ता ट्रक एकदाही डोलला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी पहाड दिसले. आधी ढगच वाटले, मग ते हलेनात. सासूबाईंनी खिडकीची काच पूर्ण खाली केली. नंतर म्हणाल्या, "त्यांना हे पाहायचं होतं," आणि पुढे झुकून त्यांनी राजसच्या खांद्यावर हात ठेवला. राजसने तो हात असेपर्यंत गाडी फार हळू चालवली. ऊर्मीने मंगळवारचा विषय काढला नाही.

कॅम्पग्राउंडला पोचल्यावर त्याने मोठ्या उत्साहाने किटली घेतली आणि नळ उघडला. नळाने खोकल्यासारखा आवाज करून नुसती हवा सोडली. बाजूला पाटी होती: गोठण्याच्या भीतीमुळे पाणी जूनपर्यंत बंद.

"नळ गेले?" सासूबाईंनी मागून विचारलं.

"आलेच नाहीत अजून," राजस रिकामी किटली हातात धरून म्हणाला. शेवटचं गाव कितीतरी मागे राहिलं होतं.

सासूबाई ट्रकपाशी गेल्या, मागच्या सीटखाली पसरलेला आपला कोट त्यांनी उचलला आणि खालचा काठोकाठ भरलेला निळा कॅन पुढे ओढला.

"आई, सगळे कॅन ओतले होते ना आपण?"

"हा तुझ्या हिशोबातलाच आहे. तू माझे ऐंशी धरले, मी साठ भरली. वीस माझे उरले होते. ते मी पायाशी ठेवून घेतले."

चहा झाला. सासूबाईंनी ऊर्मीला कप भरून दिला, स्वतः भरून घेतला, चहा न पिणाऱ्या कादंबरीलासुद्धा भरून दिला. राजसच्या हातात अर्धा कप आला.

"मला अर्धाच का, आई?"

"तुझे वीस," सासूबाई पहाडाकडे बघत मायेने म्हणाल्या, "तू आधीच खाऊन बसलास."